एडीएचडीची गोळी लिहून कोण देऊ शकतं? मराठवाड्यातल्या नव्या पालकांसाठी

मेडिकलवाल्या दादांनी कागद हातात घेतला, वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि काउंटरवरून परत माझ्याकडे सरकवला. "ताई, ही चिठ्ठी नाही, रिपोर्ट आहे." मी म्हटलं, अहो, खाली औषधाचं नाव लिहिलंय की. वर 'डॉ.' पण आहे. ते आवाज खाली आणून म्हणाले, "पीएचडीचे डॉक्टर आहेत ते. गोळी लिहिणारे नाहीत."

मागे रांगेत दोघं-तिघं उभे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रिपोर्टसाठी आम्ही एका मोठ्या शहरातल्या समुपदेशन केंद्राच्या चार खेपा केल्या होत्या, सेलूहून पहाटेची गाडी धरून, दशम्या बांधून घेऊन. केंद्राने स्पष्ट सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शेवटच्या ओळीत 'मेथिलफेनिडेटबाबत विचार व्हावा' असं होतं, तीच ओळ आम्ही चिठ्ठी समजलो. यात तीन महिने गेले. तोवर लेकराचं सहामाहीचं प्रगतिपुस्तकही हातात पडलं होतं.

ज्यांच्या घरात एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, हा शब्द नुकताच आलाय त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे तपासणारा वेगळा, चिठ्ठी लिहिणारा वेगळा आणि गोळी देणारा वेगळा. तिघं तीन ठिकाणी बसतात, कधी तीन गावांत. कोण काय करू शकतो हे आधी कळलं की निम्म्या खेपा वाचतात.

पहिली पायरी: गोळी कोणती ते समजून घ्या

कोण लिहू शकतं हे गोळीवर अवलंबून असतं, म्हणून सुरुवात तिथून.

भारतात एडीएचडीसाठी प्रामुख्याने दोन औषधं दिली जातात. एक मेथिलफेनिडेट. हे उत्तेजक गटातलं औषध. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. हळूहळू विरघळणारी गोळी शाळेचा दिवस काढते. दुसरं अ‍ॅटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही, रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण गुण यायला चार-सहा आठवडे जातात. शिवाय क्लोनिडिन नावाचं, मूळचं रक्तदाबाचं औषधही काही लेकरांना देतात, विशेषतः झोप नसेल किंवा अंगात फार चळवळ असेल तेव्हा.

कायद्याच्या नजरेत या गोळ्या सारख्या नाहीत. मेथिलफेनिडेट औषध नियमावलीच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, आणि १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या मनोप्रभावी द्रव्यांच्या यादीतही. लोक या कायद्याला एनडीपीएस म्हणतात. त्याचं नाव ऐकून आमच्या घरात भूकंप झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "लेकराला गांजाच्या यादीतली गोळी देता का गं?" तसं नाही. गोळीचा गैरवापर होऊ शकतो म्हणून तिच्यावर पहारा आहे, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य डोसमध्ये ती जगभर कित्येक दशकं लेकरांना दिली जातेय. अ‍ॅटोमॉक्सेटिन शेड्यूल एक्समध्ये नाही. ते डॉक्टरांच्या नेहमीच्या चिठ्ठीवर मिळतं.

अमेरिकेतला भाऊ किंवा भाचा फोनवर 'अ‍ॅडरॉल' सांगेल. ते आपल्याकडे मिळत नाही. तिकडे डॉक्टरांशिवाय नर्स प्रॅक्टिशनरही अशी औषधं लिहितात, काही राज्यांत तर खास प्रशिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञही. इंटरनेटवरचा निम्मा गोंधळ यातूनच येतो. तिकडचं वाचून इकडच्या दवाखान्यात बोट दाखवू नका.

दुसरी पायरी: पाटी नीट वाचा

हीच पायरी आम्ही चुकलो होतो, म्हणून इथे जरा थांबते.

कायदा म्हणतो, नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी. म्हणजे एमबीबीएस किंवा त्यापुढचं शिक्षण आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा. कायद्याच्या अक्षरावर गेलं तर साधे एमबीबीएस डॉक्टरही लिहू शकतात. पण एडीएचडीचं निदान पाच मिनिटांत होणारं नाही आणि मेथिलफेनिडेटच्या मागे कागदपत्रांचा व्याप आहे, त्यामुळे समजूतदार फॅमिली डॉक्टर स्वतः न लिहिता पुढे पाठवतात. त्यांनी पाठवलं तर 'यांना काही येत नाही' असं समजू नका. आमच्या डॉक्टरांनी आधीच पाठवलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं.

प्रत्यक्षात लिहिणारे कोण? पहिले मानसोपचारतज्ज्ञ. पाटीवर एमडी मानसोपचार, डीएनबी किंवा डीपीएम असतं. लहान असो की मोठं माणूस, एडीएचडीची औषधं सर्वात जास्त यांच्याच हातून जातात. आपल्याकडे अजून यांना 'डोक्याचा डॉक्टर' म्हणतात आणि जायला लोक कचरतात. माझ्या नणंदेनं तर सुचवलं होतं की ओळखीचं कुणी नसेल अशा दुसऱ्या जिल्ह्यात जा. जा बाई, पण जा.

दुसरे बालरोगतज्ज्ञ, एमडी बालरोग किंवा डीसीएच. लेकरू लहान असेल तर इथून सुरुवात करणं मला जास्त बरं वाटतं. ते आधी कान, डोळे, थायरॉईड, रक्त, झोप, फिट्स यांच्याकडे बघतात. वर्गात लक्ष नसणाऱ्या लेकराला फळाच नीट दिसत नसतो, असंही निघतं. काही बालरोगतज्ज्ञ वाढ आणि विकासाच्या अडचणींवर वेगळं शिक्षण घेतात, त्यांना डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणतात. ते भेटले तर उत्तमच, पण मराठवाड्यात ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. सगळेच बालरोगतज्ज्ञ मेथिलफेनिडेट लिहीत नाहीत. नंबर लावताना फोनवरच विचारा: "डॉक्टर एडीएचडीच्या लेकरांना औषध सुरू करतात का, की पुढे पाठवतात?" रिसेप्शनवरच्या ताईंना हे माहीत असतं.

तिसरे न्यूरोलॉजिस्ट. फिट्स किंवा मेंदूचा दुसरा आजार सोबत असेल तर ते हवेतच, नुसत्या एडीएचडीसाठी त्यांच्यापर्यंत जायची गरज सहसा पडत नाही.

आता जे लिहू शकत नाहीत ते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. बुद्ध्यंक, लक्ष, अध्ययन अक्षमता यांच्या चाचण्या यांच्याइतक्या नीट कुणी करत नाही. पालकांचं प्रशिक्षण, वर्तन सुधारण्याचे कार्यक्रम हेही यांच्याकडून. लेकराला यांची गरज बहुधा लागतेच, फक्त गोळी यांच्याकडे मागायची नाही. समुपदेशक, विशेष शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट हेही तसेच. पीएचडी झालेल्यांच्या नावामागे 'डॉ.' लागतो आणि आमच्यासारखे फसतात. पाटीवर एमबीबीएस आहे का ते आधी बघा.

राहिले गावातले डॉक्टर. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी आणि खेड्यात पहिला हात लावतात ते बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेले. त्यांनी अ‍ॅलोपॅथी किती लिहावी हा महाराष्ट्रात जुना, कोर्टकचेरीपर्यंत गेलेला वाद आहे आणि तो मी इथे सोडवणार नाही. एवढंच सांगते, शेड्यूल एक्सच्या गोळीसाठी त्यांच्या चिठ्ठीवर विसंबू नका. पण 'याला तज्ज्ञांकडे न्या' हे सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, कारण लेकराला जन्मापासून तेच ओळखतात.

शाळेतल्या बाईंनी "गोळी चालू करा" म्हटलं तर तेही मनावर घेऊ नका. बाईंनी निदान करायचं नसतं. त्यांचं म्हणणं मात्र कागदावर घ्या, ते पुढे सोन्याच्या मोलाचं ठरतं.

तिसरी पायरी: कुठे जायचं

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण एडीएचडीसाठी मनोरुग्णालय लागतच नाही, साधी ओपीडी पुरते.

सरकारी मार्ग दोन. पहिला वैद्यकीय महाविद्यालयाचा: छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं महाविद्यालय, लातूरचं आणि अंबाजोगाईचं. या ठिकाणी मानसोपचार विभागही आहे आणि बालरोग विभागही, त्यामुळे एका केसपेपरवर दोन्हीकडे दाखवता येतं. गर्दी तुम्हाला माहीतच आहे. सकाळी केसपेपर काढायच्या रांगेत घरातला एक माणूस उभा करा आणि दुसऱ्याने लेकराला बाहेर झाडाखाली फिरवा. आमचं पोरगं रांगेत दहा मिनिटंही उभं राहत नाही, ते राहिलं असतं तर आम्ही तिथे कशाला आलो असतो?

दुसरा मार्ग जिल्हा रुग्णालयाचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथूनच चालतो. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. शून्य ते अठरा वयाच्या मुलांमध्ये ज्या अडचणी ते शोधतात त्या यादीत एडीएचडीचं नाव आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. पथकातले डॉक्टर आयुषचे असतात, ते गोळी लिहीत नाहीत. त्यांनी पाठवलं की लेकरू जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसीत, जातं. शाळेत पथक येणार असेल त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि तोंडाने सांगा. नुसत्या वजन-उंचीत हे सापडत नाही.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४१६ वर फोन लावा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची, आणि मराठीत बोलता येतं. फोनवर तुम्हाला मेथिलफेनिडेट मिळणार नाही, वाट मात्र मिळेल.

चौथी पायरी: पहिल्या भेटीला काय न्यायचं

डॉक्टरांना दोन गोष्टी पक्क्या करायच्या असतात: त्रास बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, आणि तो एकाहून जास्त ठिकाणी दिसतो का. घरी उनाड आणि शाळेत शहाणं असेल तर विचार वेगळा होतो. लक्षणं निदान सहा महिने टिकलेली हवीत. म्हणून शाळेच्या वह्या न्या, जुनी प्रगतिपुस्तकं न्या, 'बडबड करतो', 'गृहपाठ अपुरा' असे शेरे असलेली पानं न्या. वर्गशिक्षिकेकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या. आमच्या बाईंनी लिहिलं होतं, "हुशार आहे पण एका जागी बूड टेकत नाही. डबा विसरतो, दप्तर विसरतो, एकदा चप्पल विसरून अनवाणी घरी गेला." डॉक्टरांनी ते वाचून पेन खाली ठेवलं आणि हसले. मग पुढचा पाऊण तास आमच्याशी बोलले.

सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट असेल तर तोही न्या. आमचे चार खेपांचे पैसे तिथे वसूल झाले, कारण पुन्हा चाचण्या कराव्या लागल्या नाहीत.

घरात कुणाला हृदयाचा आजार आहे का, कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हे विचारतील. लपवू नका. उत्तेजक गोळी देण्याआधी नाडी, रक्तदाब, वजन, उंची मोजतात, शंका आली तर ईसीजी काढतात. डॉक्टरांनी यातलं काहीच न बघता गोळी लिहिली तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन.

लेकरू सहा वर्षांच्या आतलं असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी लांब ठेवतात आणि आधी आई-वडिलांनाच शिकवायला घेतात. "आम्ही लेकराला घेऊन आलो आणि हे आम्हालाच शिकवतात" म्हणून चिडू नका.

पाचवी पायरी: चिठ्ठी तिथेच तपासा

खुर्चीवरून उठायच्या आधी चिठ्ठी वाचा. डॉक्टरांचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, सही, तारीख; लेकराचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता; गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि एकूण किती गोळ्या. मेथिलफेनिडेट असेल तर चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक प्रत मेडिकलवाले ठेवून घेतात आणि ती त्यांना दोन वर्षं जपावी लागते. आमची पहिली खरी चिठ्ठी एकाच प्रतीत होती. दुकानातून परत दवाखान्यात, तोवर डॉक्टर जेवायला गेलेले. दीड तास बाकावर. लेकराने त्या दीड तासात दवाखान्यातल्या पाण्याच्या फिल्टरचा नळ काढून हातात दिला.

सहावी पायरी: गोळी देणारं मेडिकल शोधा

शेड्यूल एक्सचं औषध विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, म्हणून प्रत्येक मेडिकलमध्ये ते नसतं. तालुक्याला तर बहुधा नसतंच. सोपी युक्ती म्हणजे ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारायचं, "ही गोळी कुठल्या दुकानात मिळते?" मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याखालच्या किंवा शेजारच्या दुकानात ती बहुतेक असते.

आमचे दुकानदार काका कसं करतात ते सांगते. गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून मागच्या लोखंडी कपाटाचं कुलूप उघडतात, कारण हे औषध कुलपात ठेवायचा नियम आहे. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एक्सआरएक्स' छापलेलं असतं, ते मला बोटाने दाखवतात. रजिस्टरमध्ये नोंद होते, चिठ्ठीवर शिक्का पडतो, एक प्रत त्यांच्या फाइलला आणि एक माझ्या पिशवीत. पहिल्यांदा मला गुन्हेगारासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. उलट एवढी नोंद न करता कुणी सहज गोळी काढून देत असेल तर तिथून घेऊ नका.

मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो पाठवून ही गोळी मागवता येत नाही, कागदच दुकानात जमा करायचा असतो. तसंच व्हिडिओ कॉलवर तपासून डॉक्टर मेथिलफेनिडेट लिहू शकत नाहीत. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत शेड्यूल एक्सच्या औषधांना सरळ मनाई आहे. "पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना ऑनलाइन दाखवू" हा बेत म्हणूनच इथे अडतो. त्यांचा सल्ला घ्या, पण चिठ्ठीसाठी समोरासमोरचा डॉक्टर लागणारच. लांबचं गाव असेल आणि महिन्याला जाणं जमणारं नसेल तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा विचार ते अशा वेळी करू शकतात.

मोठ्यांसाठी, आणि लातूरकडे बघून

लेकराचे फॉर्म भरताना आमच्या घरातल्या मोठ्या माणसालाही घाम फुटला होता, कारण उत्तरं त्यांचीच होती. किल्ली कुठे, पावती कुठे, अर्धवट सोडलेली कामं. मोठ्यांसाठी वाट एकच, मानसोपचारतज्ज्ञ. लहानपणापासूनचा त्रास सांगू शकेल असं कुणीतरी सोबत न्या, आई असेल तर आई, थोरला भाऊ असेल तर भाऊ.

'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लातूरला किंवा नांदेडला खोली करून राहणाऱ्या पोरांमध्ये 'अभ्यासाची गोळी' म्हणून ही गोळी हातोहात फिरल्याच्या गोष्टी कानावर येतात. दुसऱ्याच्या नावाची गोळी घेणं धोक्याचं आहे आणि देणारा कायद्यात अडकतो. तुमचं लेकरू खोलीवर राहत असेल तर पूर्ण पाकीट त्याच्या हवाली करू नका, आठवड्याची मोजून द्या. प्रवासात गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि चिठ्ठीची प्रत सोबत असू द्या.

शेवटची पायरी: दर महिन्याची

डोस लहान सुरू होतो आणि हळूहळू बसवला जातो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत खेपा जास्त. भूक कमी होणं आणि झोप उशिरा येणं या दोन तक्रारी सर्रास असतात. आम्ही गोळीच्या आधी पोटभर नाश्ता घालतो, भाकरी-दूध किंवा धपाटं, कारण दुपारचा डबा अर्धा परत येतो. वजनाची नोंद वहीत ठेवतो आणि भेटीला ती वही नेतो. चिडचिड, छातीत धडधड, डोळे-मानेला झटके असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. डोस मनाने वाढवायचा नाही आणि 'आता सुधारलाय' म्हणून मनाने बंदही करायचा नाही. सुट्टीत गोळी थांबवायची का, हे डॉक्टर ठरवतात, आजी नाही.

चिठ्ठीवर 'पुन्हा द्यावे' असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही, महिन्याला नवी लागते. आम्ही कॅलेंडरवर गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच्या तारखेला लाल गोल करतो. दिवाळीच्या महिन्यात पंधरा दिवस आधी, कारण डॉक्टर गावाला गेले की नवी चिठ्ठी लिहायला कुणी नसतं, आणि तिकडे काका पाडव्यापर्यंत दुकान उघडत नाहीत.